प्रणाली बदलण्यापूर्वी : नव्या संगणकाची मूळ प्रत

नव्या लॅपटॉपच्या खोक्यात तीन गोष्टी हमखास असतात. एक यंत्र, दुसरा चार्जर आणि तिसरे बारीक अक्षरांत छापलेले एक पत्रक. पहिल्या दोन लगेच बाहेर निघतात. तिसरे बहुधा खोक्यातच राहते आणि खोके माळ्यावर जाते. सहा-आठ महिन्यांनी पडदा काळा पडला किंवा एखादी कळ उमटेनाशी झाली म्हणजे मग त्या पत्रकाची आठवण होते, कारण त्यावर वॉरंटीच्या, म्हणजे हमीच्या, अटी छापलेल्या असतात.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राबरोबर आलेली विंडोज काढून टाकावी आणि तेथे लिनक्सवर आधारलेली उबुंटू, डेबियन किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' यांपैकी एखादी संचालन प्रणाली बसवावी, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असते. इच्छा चांगलीच आहे. संगणक आतून कसा चालतो हे शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. परंतु यंत्रासाठी चाळीस-पन्नास हजार रुपये घरातल्या कोणीतरी मोजलेले असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अरे, पण वॉरंटी जाईल ना?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र ती जाऊ नये म्हणून जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी काय करून ठेवावे, हे अगदी नेमके सांगता येते.

प्रथम हमी कशाची असते ते पाहू. बाजारात सगळेच तिला 'गॅरंटी' म्हणतात. ते सोडून द्या. हमी असते ती मुख्यतः वस्तूची : पडदा, कळफलक, मदरबोर्ड, बॅटरी, डिस्क यांच्या घडणीतील दोषांची. आत कोणती प्रणाली चालते याचा आणि कळफलकाच्या दोषाचा तसा संबंध नाही. याला एक चांगला पुरावा आपल्याच बाजारात आहे. काही लॅपटॉप विंडोजशिवाय, थोडे स्वस्तात विकले जातात. त्यांवर 'डॉस' असे लिहिलेले असते. आत असते ती फ्रीडॉस, म्हणजे १९९४ साली सुरू झालेली एक मोफत आणि अगदी साधी प्रणाली. ग्राहक ती पुसून दुसरे काहीतरी घालणार, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरीही त्या यंत्रांना हमी असतेच. अमेरिकेत तर १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. हमी टिकवायची असेल तर अमक्याच नाममुद्रेचा सुटा भाग वापरा, अशी अट तो कंपनीला सहसा घालू देत नाही.

मग भानगड कोठे होते? ती होते दुरुस्ती केंद्राच्या टेबलापाशी. २००७ साली अमेरिकेत अशी एक तक्रार बरीच गाजली होती. एका नव्या लॅपटॉपच्या कळा अडकू लागल्या. मालकिणीने त्यावर लिनक्स बसवली होती. प्रणाली बदलली म्हणून हमीखाली दुरुस्ती होणार नाही, असे तिला कंपनीच्या मदतकक्षातून सांगण्यात आले. ही हकीकत वृत्तस्थळांवर आल्यावर, दोष यंत्राचा असेल तर हमी लागू राहते, असा खुलासा कंपनीने केला. कळा अडकणे हा यांत्रिक दोष आहे आणि कोणतीही प्रणाली कळेखाली कचरा नेऊन ठेवत नाही, हे आठवीतला मुलगाही सांगेल. पण टेबलामागच्या माणसासमोर एक यादी असते आणि त्या यादीत पहिली ओळ असते, 'मूळ प्रणालीत चाचणी करा.' मूळ प्रणालीच नसेल तर तो तेथेच थांबतो.

त्या माणसाला नुसता अडेलतट्टू समजू नका. त्याच्या हट्टात थोडे भौतिकशास्त्र आहे. प्रयोगशाळेत आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. लंबकाची लांबी बदलायची असेल तर गोळा तोच ठेवतो. लांबीही बदलली आणि गोळाही बदलला, तर आवर्तनकालात पडलेला फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. लॅपटॉप अधूनमधून आपोआप बंद पडतो, एवढीच तक्रार घेऊन तुम्ही गेलात तर दोष बॅटरीचा असेल, पंख्याचा असेल किंवा तुम्ही घातलेल्या प्रणालीचाही असेल. मूळ प्रणाली परत घातल्यावरही यंत्र तसेच बंद पडले, तर मात्र एक शक्यता कायमची बाद होते. दोष यंत्राचा, आणि हमी देणाऱ्याचा.

आता तुम्ही म्हणाल, प्रणालीमुळे यंत्र बिघडते असे कधी होते का? फार क्वचित होते. पण झाले आहे. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपांवर लिनक्स नव्या, म्हणजे यूईएफआय, पद्धतीने सुरू करताच ती यंत्रे कायमची निकामी झाली. पुन्हा सुरूच होईनात. मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश स्मृती असते. तिच्यात यंत्राला जागे करणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, आणि तिचे निर्णय साठवलेले असतात. घोटाळा तेथे झाला होता. साहजिकच सारा ठपका लिनक्सवर आला. परंतु मॅथ्यू गॅरेट या लिनक्सच्या तज्ज्ञाने त्याच वर्षी दाखवून दिले की, विंडोजमध्ये चालणाऱ्या एका साध्या आज्ञावलीने ती स्मृती भरून टाकली तरीही यंत्र तसेच मरते! म्हणजे कच्चेपणा फर्मवेअरमध्येच होता; लिनक्स केवळ निमित्त झाली. मूळ प्रणालीत तोच बिघाड घडवून दाखवल्यामुळेच हे सिद्ध झाले, ही गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटूची १७.१० ही आवृत्ती निघाली. लेनोव्हो आणि आणखी काही कंपन्यांच्या ठरावीक लॅपटॉपांवर ती बसवली की फर्मवेअरमध्ये केलेले बदल टिकेनासे होत. काही यंत्रे तर पेनड्राइव्हवरून सुरू होईनात. येथे दोष लिनक्सच्याच एका घटकाचा निघाला. तो घटक चुकून चालू ठेवला गेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये ती आवृत्ती मागे घेण्यात आली आणि जानेवारी २०१८ मध्ये सुधारून पुन्हा देण्यात आली. तेव्हा 'प्रणालीने काही होत नाही हो' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मित्रावर पूर्ण विसंबू नये. नवी आवृत्ती आली की महिनाभर थांबावे, हे माझे मत.

तर मुद्दा असा की, मूळ प्रणाली हा आपला साक्षीदार आहे. त्याला घराबाहेर काढायचे असेल तर काढा. पण हवा तेव्हा जसाच्या तसा परत बोलावता आला पाहिजे.

'जसाच्या तसा' म्हणजे काय, हे समजण्यासाठी डिस्कच्या आत डोकावावे लागेल. आजकालच्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, तरी सवयीने आपण तिला डिस्कच म्हणतो. ५१२ जीबीच्या डिस्कवर साधारणतः १,००,०२,१५,२१६ सेक्टर असतात आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. गुणाकार केलात तर ५,१२,११,०१,९०,५९२ बाइट येतील. विंडोज मात्र ही डिस्क ४७६ जीबीची दाखवते. दुकानदाराने फसवले असे समजू नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. भागाकार करून पाहा.

हे शंभर कोटी सेक्टर म्हणजे एक मोठे शेत समजा. शेताचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. नव्या विंडोज लॅपटॉपवर असे निदान चार तुकडे असतात. यंत्र सुरू करणाऱ्या फाइली असलेला पहिला तुकडा छोटा, शंभर-दोनशे एमबीचा. त्यानंतर १६ एमबीचा एक राखीव तुकडा. मग तुम्हाला 'सी' म्हणून दिसते ते मोठे रान. आणि शेवटी दुरुस्तीसाठी ठेवलेला, बहुधा न दिसणारा एखादा किंवा दोन तुकडे. यंत्र सुरू होताना विशिष्ट कळ दाबली की कारखान्यातून आले तसे करून देण्याची सोय पुष्कळ कंपन्या देतात. ती याच लपलेल्या तुकड्यात असते.

कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या अगदी आरंभीच्या सेक्टरांमध्ये असते. हा डिस्कचा सातबारा! जीपीटी असे त्याचे नाव. तो महत्त्वाचा म्हणून त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांमध्ये ठेवलेली असते, जशी तलाठ्याकडे एक आणि तहसील कचेरीत एक असावी तशी. नवी प्रणाली बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय तुम्ही निवडला की सर्वप्रथम हा सातबारा नव्याने लिहिला जातो. जमीन तेथेच असते, तिच्यात पेरलेलेही काही काळ तेथेच असते. पण कोणाचे काय कोठे आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. मग ती विशिष्ट कळ कितीही वेळा दाबा, उपयोग होत नाही.

म्हणून 'सी'मधल्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेणे म्हणजे मूळ प्रत घेणे नव्हे. फाइली आल्या, पण सातबारा नाही, सुरू करणारा तुकडा नाही, लपलेला तुकडा नाही. मूळ प्रत म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळे, आहे त्या क्रमाने. तंत्रज्ञ तिला डिस्कची 'इमेज' म्हणतात.

एक गोष्ट मात्र डिस्कवर नसते. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या यंत्रांत तिचा २५ अक्षरी परवाना-क्रमांक सहसा मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच लिहून ठेवलेला असतो. डिस्क पुसल्याने तो जात नाही. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तीच आवृत्ती उतरवून घेऊन पुन्हा बसवली तर ती परवाना आपोआप ओळखते. मग इमेजचा खटाटोप कशाला? कारण अशी बसवलेली विंडोज कोरी असते. त्या विशिष्ट यंत्रासाठी कंपनीने घातलेले ड्रायव्हर, तपासणीच्या आज्ञावल्या आणि तो लपलेला तुकडा तिच्यात नसतो. काही कंपन्या यंत्राचा अनुक्रमांक घेऊन ही सामग्री पुन्हा उतरवून देतात. तशी सोय असेल तर ती पेनड्राइव्हवर तयार करून ठेवावीच; पण मी इमेजही घेईन.

इमेज केव्हा घ्यावी? शक्य असेल तर विंडोज पहिल्यांदा सुरू करण्याच्याही आधी. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, त्या वेळी डिस्कवर तुमचे काहीही नसते. पुढे दुरुस्तीला देताना ती कोरी इमेज परत घातली, तर तुमची छायाचित्रे आणि पत्रे अनोळखी माणसाच्या हाती पडत नाहीत. दुसरे कारण जरा अवघड आहे. विंडोज ११ असलेल्या बहुतेक आजच्या लॅपटॉपांत तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केलात की डिस्कवरील मजकूर कूटबद्ध होतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम या चिपमध्ये ठेवली जाते. या व्यवस्थेला बिटलॉकर म्हणतात. मदरबोर्ड बदलला किंवा फर्मवेअरमध्ये काही फेरफार केले, तर विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती तुमच्या खात्यात नोंदलेली असते. ती उतरवून कागदावर लिहून ठेवा. हे अंक नसतील तर घेतलेली इमेज कुलूपबंद पेटीसारखी होऊ शकते, पेटी आहे पण उघडत नाही.

इमेज घेताना डिस्कवरची प्रणाली झोपलेली असली पाहिजे. चालू विंडोज दर सेकंदाला काही ना काही लिहीत असते. पळत्या मुलाचे छायाचित्र हलते तसे तिचे होते : सुरुवातीचे सेक्टर दहा वाजताचे आणि शेवटचे साडेअकराचे. म्हणून यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करतात. त्यासाठी तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेली क्लोनझिला ही मोफत प्रणाली उत्तम. युनिक्सच्या काळापासून चालत आलेला 'डीडी' हा आदेशही हेच काम करतो. पण त्यात 'कोठून' आणि 'कोठे' ही दोन नावे उलटसुलट झाली तर रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या लॅपटॉपवर उमटते. शिकाऊ माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

वेळ किती लागेल? हे गणित तुम्हीच करू शकता. बाहेरून जोडलेली साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १२ कोटी बाइट लिहून घेते. ५१,२११ कोटी भागिले १२ कोटी, म्हणजे सुमारे ४,२६८ सेकंद, अर्थात एक तास अकरा मिनिटे. हीच डिस्क जुन्या यूएसबी २.० खाचेत जोडली तर वेग सेकंदाला साडेतीन कोटींच्या आसपास येतो आणि तेच काम चार तास घेते. खाच निवडताना लक्ष द्यावे.

प्रत्यक्षात काम याहून लवकर आटोपते. नव्या यंत्राच्या ५१२ जीबीपैकी मोठा भाग रिकामाच असतो. क्लोनझिला तुकड्याची अंतर्गत नोंद वाचते, वापरलेले सेक्टरच उचलते आणि तेही दाबून लहान करते. दाबते म्हणजे काय? 'शून्य' हा शब्द एक लाख वेळा लिहिण्याऐवजी 'एक लाख शून्ये' एवढेच लिहिले तरी अर्थ तोच राहतो. मजकुरात पुनरुक्ती जितकी जास्त, तितका तो लहान करता येतो. हा हिशेब क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने मांडला. आणि गंमत पाहा, कूटबद्ध मजकूर हा मुद्दाम पुनरुक्ती नाहीशी केलेला मजकूर असतो. नाणे उडवून लिहिलेल्या छाप-काट्यासारखा तो दिसतो. त्यामुळे बिटलॉकर लागलेल्या तुकड्याची इमेज जवळजवळ दबतच नाही, आणि कुलूप लावलेल्या तुकड्यात वापरलेले सेक्टर कोणते हेही क्लोनझिलाला कळत नाही. तिला सगळेच उचलावे लागतात. कोरी, न उघडलेली डिस्क काही दहा जीबींत मावते. कूटबद्ध झाल्यावर तीच शेकडो जीबी मागू शकते. लवकर इमेज घेण्याचे हे तिसरे कारण म्हणा.

एक व्यावहारिक अडचण सांगून टाकतो. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या रचनेचा असेल, तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, कारण फाइलची लांबी लिहायला त्या रचनेत ३२ च बिट ठेवले आहेत. क्लोनझिला म्हणूनच इमेजचे तुकडे करते. दुसरे साधन वापरत असाल तर हे आधी पाहून घ्या.

प्रत घेतली, ती खरी कशावरून? शंभर कोटी सेक्टर डोळ्यांनी ताडून पाहणे शक्य नाही. येथे एक सुंदर युक्ती उपयोगी पडते आणि तिचे छोटे रूप तुमच्या पाठ्यपुस्तकाशेजारच्या कुठल्याही पुस्तकावर सापडेल. पुस्तकाच्या मागच्या बाजूला १३ अंकी आयएसबीएन क्रमांक छापलेला असतो. त्याच्या पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने असे आळीपाळीने गुणून बेरीज करा. उत्तराला १० ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. एक अंक चुकला की भाग जात नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बहुधा पकडली जाते. मात्र १ आणि ६ शेजारी असून त्यांची अदलाबदल झाली तर पकडली जात नाही. का, ते स्वतः पडताळून पाहा.

डिस्कसाठी हीच कल्पना फार पुढे नेली आहे. एसएचए-२५६ या रीतीने कितीही मोठ्या मजकुराचा २५६ बिटांचा एक ठसा काढता येतो. लिहिताना तो ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरून ६४ चिन्हांत लिहितात. पाचशे जीबींत एकच बिट बदलला तरी ठसा पार बदलतो, थोडासा नव्हे. शक्य ठसे किती? २ चा २५६ वा घात, म्हणजे एकावर ७७ शून्ये देऊन येणाऱ्या संख्येपेक्षाही थोडे अधिक. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा योगायोगाने सारखा निघेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. इमेजच्या फाइलींचा ठसा घेतल्याबरोबर वहीत लिहून ठेवावा. वर्षाने इमेज परत घालण्यापूर्वी तो पुन्हा काढावा. जुळला तर त्या वर्षात इमेज कुजलेली नाही. घेतानाच ती नीट घेतली गेली की नाही, ते तपासण्याची वेगळी सोय क्लोनझिलात आहे. एखादी फालतू डिस्क हाताशी असेल तर इमेज तिच्यावर घालून पाहणे ही खरी परीक्षा.

इमेज हाती आली म्हणून लगेच विंडोज पुसू नका. येथे घाई नडते. विश्वासार्हतेच्या शास्त्रात एक प्रसिद्ध आलेख आहे. आडव्या अक्षावर वस्तूचे वय आणि उभ्या अक्षावर बिघाडाचे प्रमाण मांडले, तर आकृती आंघोळीच्या टबाच्या उभ्या छेदासारखी येते. सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ कमी, आणि म्हातारपणी पुन्हा जास्त. कच्चा डाख, अर्धवट बसलेली जोडणी, कमअस्सल चिप हे दोष पहिल्या काही आठवड्यांतच उघडे पडतात. हा काळ यंत्र मूळ प्रणालीवरच वापरा आणि चांगले राबवा : कॅमेरा, ध्वनी, सगळ्या खाचा, वायफाय, बॅटरी, तास-दोन तास जड काम. दुकानातून यंत्र बदलून मिळण्याची मुदत तर काही दिवसांचीच असते. या काळात सापडलेल्या दोषाबद्दल कोणी तुमच्या प्रणालीकडे बोट दाखवू शकत नाही.

तोपर्यंत धीर निघत नसेल तर बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स बसवून यंत्र तिच्यावरून चालवा. आतल्या डिस्कला हात लावावा लागत नाही, वेगही चांगला मिळतो. मात्र बसवताना 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर तीनदा वाचा. आतली डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि तिच्या जागी दुसरी लावायची, हाही एक चोख उपाय आहे. पण त्यासाठी पाठ उघडावी लागते. पाठ उघडण्याबाबत पत्रकात काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

दुरुस्तीची वेळ आलीच, तर आधी दोष मूळ प्रणालीत दिसतो का ते पाहावे. इमेज परत घाला, दोष दिसताच मोबाइलवर चित्रफीत घ्या, तारीख नोंदवा आणि मग जा. मध्यंतरी दुसरी प्रणाली चालवली होती का, असे विचारले तर खरे सांगा. पुरावा तुमच्या हातात असल्यावर लपवण्याचे कारणच नाही. तरीही नकार मिळाला तर तो लेखी मागा. 'तसे आमच्यात लिहून देत नाहीत' असे उत्तर येण्याचा संभव आहे. मग तुम्हीच ईमेलने लिहा, म्हणजे नोंद राहते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि तेथे अशा चित्रफितीचे व पत्रव्यवहाराचे मोल फार असते.

आणखी एक कागद जपायचा आहे, तो म्हणजे दुकानातले बिल. हमी पुष्कळदा बिलाच्या तारखेपासून मोजतात. छोट्या छपाईयंत्रातून निघणारे बिल उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावर असते. त्यात शाई नसतेच; कागदावरच्या लेपातील रंगद्रव्य तापले की उमटते. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटाशी दीर्घकाळ लागून राहणे यांमुळे ती अक्षरे फिकी होत जातात, आणि वर्षभराने हाती कोरा कागद उरतो. तेव्हा बिल आणल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा, यंत्राच्या तळाशी छापलेल्या अनुक्रमांकाचे छायाचित्र घ्या आणि दोन्ही इमेज ठेवलेल्या डिस्कवरही उतरवून ठेवा. ती डिस्क मात्र लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी हरवली तर दोन्ही एकदमच जातील.